दिंडीची ट्रॉली : काय भरावं, कसं बांधावं

(आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात कार्तिकी वारीच्या पूर्वतयारीची बैठक झाली. त्या वेळी दिंडीच्या सामान समितीच्या वतीने केलेलं हे भाषण.)



आज एकादशी. सगळ्यांच्या पोटात साबुदाणा आणि वरईचे तांदूळ आहेत, तेव्हा डोळे जड होणं साहजिक आहे. तरी अर्धा तास आमच्यासाठी जागे राहा. या व्यासपीठावरून आजवर आपण संतांच्या अभंगांवर पुष्कळ ऐकलं. आम्ही मात्र वळकट्या, राहुट्या, पातेली, दोर आणि दोन चाकांच्या एका छोट्या ट्रॉलीबद्दल बोलणार आहोत. आमची समिती चौघांची. मंडळाच्या पत्रकात आमची नावं अगदी शेवटच्या ओळीत छापतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. सामान वेळेवर पोचलं तर आमची आठवण कुणाला येत नाही. ते पोचलं नाही तर मात्र सगळ्यांना येते.

नव्या सभासदांसाठी थोडं मागचं सांगतो. आपली दिंडी दिवाळीच्या पाडव्याला पहाटे बेळगावहून निघते आणि कार्तिक शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट संकेश्वर, चिकोडी, अंकली, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला अशी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिवस दहा, म्हणजे रोजची चाल वीस-पंचवीस किलोमीटरची. पूर्वी जवळच्या गावातला एक भाविक शेतकरी आपल्याला ट्रॅक्टर आणि मोठी ट्रॉली द्यायचा. पण कार्तिकीच्या तोंडावरच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत आपल्या भागात ट्रॅक्टर मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं आहे. चार वर्षांपूर्वी ऐन वसुबारसेला निरोप आला की ट्रॅक्टर उसाला लागला. त्या वर्षी आपण टेम्पो भाड्याने घेऊन कशीबशी वेळ मारून नेली. पुढच्या वर्षासाठी मात्र ठरवलं की आपली स्वतःची लहान ट्रॉली करायची, आणि ती आमच्यातल्या एकाच्या जीपमागे जोडायची.

ट्रॉली तयार झाली. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फुटांचे फाळके. रिकामं वजन २८० किलो. ट्रॉलीलाही गाडीसारखी स्वतःची नोंदणी आणि क्रमांक लागतो. ते सोपस्कार आम्ही नीट पूर्ण केले, आणि कागद पुरे झाले म्हणजे काम पुरं झालं असं समजलो. तिच्यावर किती वजन घालायचं, असं बनवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "टनभर सहज ओढेल." पुढचा प्रश्न आम्ही विचारला नाही. चूक तिथून सुरू झाली, आणि ती त्याची नव्हे, आमची.

पहिल्या वर्षी आम्ही ट्रॉली भरली ती घरातला माळा भरतात तशी. जागा दिसली की वस्तू ठेवली. बत्तीस वारकरी होते. प्रत्येकाची वळकटी, एक पिशवी, आणि दिवाळी असल्यामुळे फराळाचा एकेक स्टीलचा डबा. बत्तीस घरांतून बत्तीस डबे! चिवडा सगळ्यांकडे, लाडू सगळ्यांकडे, आणि प्रत्येक घरातून आग्रह, "रस्त्यात उपयोगी पडेल." शिवाय चार राहुट्या, दहा दिवसांचा शिधा, मोठी पातेली, शेगडी, सिलिंडर, आणि दोनशे लिटर पाण्याची टाकी. नळ हाताशी यावा म्हणून टाकी आम्ही सगळ्यांत मागे, फाळक्याला लागून ठेवली. वळकट्या मऊ, त्या पुढच्या बाजूला रचल्या. वर ताडपत्री ओढून दोर बांधला. दिसायला फार छान दिसत होतं. फोटोही काढले.

पाडव्याच्या पहाटे निरोप द्यायला तेच शेतकरी काका आले होते. त्यांनी ट्रॉलीला एक फेरी मारली, जीपच्या हुकाजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गाडी उलाळ हाय की ओ तुमची." आम्ही हसलो. उलाळ हा शब्द आमच्यातल्या दोघांना तर माहीतही नव्हता. बैलगाडी मागच्या बाजूला जड झाली की तिला उलाळ म्हणतात. आम्हाला वाटलं, काका अजून बैलगाडीच्या काळात आहेत. आमच्या ट्रॉलीला जीप आहे, बैल कुठे आहेत?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी दिंडी वंटमुरीचा घाट उतरत होती. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपली ट्रॉली दिंडीच्या मागून निघते आणि रोज एकदा चालणाऱ्या वारकऱ्यांना ओलांडून पुढे मुक्कामावर जाते. म्हणजे रोज एकदा ती आपल्याच माणसांच्या अगदी शेजारून जाते. त्या सकाळी उताराला जीपने थोडा वेग घेतला. पन्नासच्या आसपास असेल. आणि ट्रॉलीने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडी डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. मागची टाकी तोपर्यंत अर्धी झाली होती, आतलं पाणी हिंदकळून प्रत्येक हेलकाव्याला जोर देत होतं. मागचं वजन हूक वर उचलत होतं, त्यामुळे जीपची मागची चाकं रस्त्याला घट्ट धरत नव्हती, आणि ट्रॉलीबरोबर जीपचा मागचा भागही फेकला जात होता. चालवणाऱ्याचं नशीब आणि शहाणपण, की त्याने करकचून ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरून नुसता पाय काढला. गाडी सावकाश थांबली. पण थांबता थांबता मागच्या फाळक्याची खीळ उडाली, फाळका खाली पडला, आणि भाताचं मोठं पातेलं आणि तांदळाचं पोतं रस्त्यावर आलं. पातेलं उतारावरून घरंगळत थेट चालणाऱ्या बायकांच्या रांगेकडे गेलं.

पातेलं कुणाला लागलं नाही. पण ते चुकवायला आमच्या एक काकू बाजूला उडी मारायला गेल्या आणि चरीत पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. काकूंचं वय तेव्हा अडुसष्ट. सतरा वर्षं सलग त्यांनी कार्तिकी चुकवली नव्हती. त्या वर्षी चुकली. त्यांना बेळगावला परत नेण्यासाठी गाडी बोलावली, तेव्हा त्या आमच्यावर रागावल्या नाहीत. हात पदराने गळ्यात बांधलेला, आणि म्हणाल्या, "विठोबा काय, वर्षभर थांबंल की. तुम्ही आधी ती गाडी नीट बांधा." त्या बोलण्याने आम्हाला जेवढं लागलं, तेवढं कुणी शिव्या दिल्या असत्या तरी लागलं नसतं.

संकेश्वरला पोचल्यावर आम्ही ट्रॉली जीपपासून सोडवून वजनकाट्यावर घातली. एकूण ११४० किलो. ट्रॉली वजा केली तर ८६० किलो सामान. त्यात वळकट्या आणि पिशव्याच २९० किलो, शिधा, शेगडी आणि भांडी मिळून २५०, राहुट्या १२०, आणि निघताना भरलेलं पाणी २०० धरून. काट्याचं मशीन गावोगाव आहे. बेळगावात निघण्याआधीच ही चिठ्ठी घेता आली असती. पण सामान डोळ्यांना मावलं की वजन झेपलं, असं आपण धरून चालतो. जागा आणि वजन हे दोन वेगळे हिशोब आहेत, हे आम्हाला काट्यावर उभं राहून कळलं.

वारीहून परतल्यावर आम्ही चौघं त्या काकांच्या गावी गेलो. माफी मागायला म्हणा, शिकायला म्हणा. त्यांच्या गोठ्याबाहेर जुनी बैलगाडी पडून होती. त्यांनी ती दाखवून सांगितलं ते असं. गाडी भरून झाली की बैल जुंपण्याआधी दोघांनी जू हाताने उचलून बघायचं. जू आपणहून वर यायला लागलं तर गाडी उलाळ आहे. ती चढणीला बैलांना वर उचलते, त्यांच्या गळ्याला फास बसतो. जू हलतच नसेल तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, खांदे सोलून निघतात. जू उचललं जावं, पण थोडं दमवून उचललं जावं. तेवढं वजन पुढे हवं.

मग आम्ही ट्रेलर ओढण्याबद्दलचं तांत्रिक वाचन केलं. तिथे हीच गोष्ट आकड्यांत होती. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. त्यापेक्षा कमी आला तर ट्रॉली डुलायला लागते. फार जास्त आला तर जीपची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. काकांचं "थोडं दमवून" म्हणजे हे १० ते १५ टक्के.

आता आम्ही हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजतो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यावर आपण आणतो आणि मग पलंगाखाली सरकवतो, तोच काटा. सपाट जमिनीवर ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचे. काट्यावर लाकडी ठोकळा अशा उंचीचा ठेवायचा, की दांडी जीपला जोडल्यावर जेवढी उंच असते तेवढीच राहील. दांडी त्यावर टेकवायची आणि आकडा वाचायचा. आता आपली ट्रॉली भरून ७४० किलो होते. तेव्हा हुकावर ७५ ते ११० किलोंच्या मधे काहीही चालतं. आम्ही नव्वदच्या आसपास ठेवतो.

११४० वरून ७४० वर कसे आलो, हे सांगणं जास्त अवघड आहे, कारण त्यात तुम्ही सगळे आलात. शिधा दहा दिवसांचा नेणं बंद केलं. तीन दिवसांचा नेतो, पन्नास किलो, आणि चिकोडी, मिरज, सांगोला इथे पुन्हा भरतो. पाण्याची टाकी काढली. वीस लिटरचे दोन कॅन ठेवले, तेही तोंडापर्यंत भरलेले, म्हणजे हिंदकळत नाहीत. बाकी पाणी मुक्कामाच्या गावात मिळतं. राहुट्या चाराऐवजी तीन, त्यांचे १०५ किलो. भांडी आणि शेगडी साठ, सिलिंडर एकच, तीस. बारीकसारीक पंधरा. आणि वळकटी माणशी पाच किलो, त्यावर एक घोंगडीसुद्धा नाही. याचे १६० झाले. बेरीज करून पाहा, ४६० भरेल. फराळाचे डबे मात्र आता मंडळाचे दोनच मोठे, सगळ्या घरांचा चिवडा त्यात एकत्र. पहिल्या वर्षी काहीजणी रुसल्या. दुसऱ्या वर्षी कुणाच्या चिवड्यात खोबरं जास्त यावर चर्चा करत चाल सोपी झाली, असं कळलं.

वजन कमी झालं, तरी ते कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतो. नियम सोपा आहे. जड ते तळाला, आणि चाकांच्या आसाच्या जरा पुढे. हलकं ते वर आणि मागे. पण मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यांत आधी काय लागतं? चहा. म्हणजे शेगडी, सिलिंडर, पाणी, पातेलं. सगळ्या जड वस्तू, आणि त्या आसाजवळ, वळकट्यांच्या ढिगामागे. मग सोयीसाठी माणूस त्या मागे फाळक्याजवळ ठेवतो, आणि गाडी उलाळ होते. आमची पहिल्या वर्षीची चूक मूर्खपणाची नव्हती, सोयीची होती. बहुतेक अपघात सोयीचेच असतात.

यावर तोडगा आमच्यातल्या एकाच्या बायकोने काढला. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराला दार मागूनच का पाहिजे?" आम्ही डाव्या फाळक्याचा पुढचा अर्धा भाग कापून त्याला बिजागऱ्या लावल्या. आता स्वयंपाकाचं सगळं जड सामान आसाच्या पुढे, तळाशी बसतं, आणि डाव्या बाजूने उघडतं. डाव्या बाजूनेच का, तर गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, त्यामुळे सामान काढणारी माणसं रहदारीत येत नाहीत. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, रेग्युलेटर काढून टोपी लावलेला, आणि हवा खेळती राहील अशा कोपऱ्यात. राहुट्यांचे बांबू आणि कापड ट्रॉलीच्या लांबीत, तळाला मधोमध. त्यांच्यावर आणि मागे वळकट्या. सगळ्यांत वर एक सुटी ताडपत्री, कारण पाऊस आला तर ती सगळ्यात आधी लागते आणि ती खाली अडकलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही.

वळकट्यांना आम्ही १ ते ३२ आकडे घातले आहेत. जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर रंगाने आकडा. १ ते १६ डावीकडे, १७ ते ३२ उजवीकडे. सकाळी पाच वाजता अंधारात कुणाची वळकटी राहिली हे एका नजरेत कळतं. पूर्वी निघताना अर्धा तास "माझी निळी, नाही, ती त्यांची निळी" यात जायचा.

दोन गोष्टी ट्रॉलीत कधीच जात नाहीत. वीणा तर वीणेकऱ्याच्या गळ्यातच असते, तिचा प्रश्न नाही. पण पखवाज एकदा आम्ही वळकट्यांत मऊ जागा बघून ठेवला होता. दिवसा ताडपत्रीखालची ऊब आणि रात्री दव, यांनी त्याचं कातडं असं काही बिघडलं की मिरजेत त्याच्यावर पुन्हा हात फिरवून घ्यावा लागला. बरं तर बरं, मिरज वाद्यांचंच गाव. तेव्हापासून पखवाज जीपमध्ये, कुणाच्या तरी मांडीवर. डाव्या तोंडाची कणीक रात्री भजन संपल्यावर खरवडून टाकायची, ती तशीच ठेवली तर उंदीर येतात. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. कुणी कितीही दमलं, पायाला कितीही फोड आले, तरी ट्रॉलीत बसायचं नाही. जीपमध्ये तीन जागा त्यासाठीच राखल्या आहेत. याला अपवाद नाही, अध्यक्षांनासुद्धा नाही.

आता दवाविषयी. आपली वारी पावसाळ्यातली नाही म्हणून राहुट्या ओल्या होणार नाहीत, असं नवख्या माणसाला वाटतं. कार्तिकात सांगोल्याच्या माळावर पहाटे राहुटीला हात लावून बघा. पिळून काढावी इतकी ओली असते. ती तशीच घडी करून वळकट्यांवर ठेवली तर संध्याकाळपर्यंत बत्तीस अंथरुणं दमट, आणि तिसऱ्या दिवशी निम्मी दिंडी खोकते. म्हणून आता दिंडी पहाटे निघते, पण आमच्यातले दोघं आणि जीप मागे थांबतात. ऊन आलं की राहुट्या उलटसुलट करतात, आठच्या सुमारास घडी घालतात आणि मग निघतात. तरीही ओलं राहिलं तर दुपारच्या विसाव्याला पुन्हा पसरायचं. ओल्या कापडाला ट्रॉलीत वेगळी जागा आहे, पुढच्या फाळक्याबाहेर एक जाळीचा कप्पा.

बांधण्याबद्दल थोडक्यात. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो आणि सैल पडतो. त्यामुळे आम्ही खटक्याचे कापडी पट्टे वापरतो, दोन आडवे, एक उभा. बांधून निघाल्यावर पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे, कारण सामान तोपर्यंत बसलेलं असतं. हुकाची खीळ, तिची पिन, आणि हूक सुटलाच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी, हे तिन्ही हाताने ओढून बघायचं, डोळ्यांनी नव्हे. प्रत्येक थांब्याला चाकाच्या मधल्या तुंब्याला हात लावायचा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापलेली असेल तर बेअरिंग बिघडायला लागलं आहे, ते चाक जाम होण्याआधी सांगतंय. ट्रॉलीला जीपचीच चाकं बसवून घेतली आहेत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते. आणि वेग चाळीस, उताराला तीस. ट्रॉली डुलायला लागली तर ब्रेकवर नाचायचं नाही. स्टिअरिंग सरळ, पाय हळूच वर.

अंधार पडल्यावर ट्रॉली हलवायची नाही, हा आमचा ठराव आहे. त्या दिवसांत चिकोडी ते मिरज उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. कित्येकांना मागे दिवा नसतो, रात्री ऊस आणि अंधार यांत फरक कळत नाही. आपल्या ट्रॉलीला मागे लाल दिवे आहेत, दोन्ही बाजूंना चमकपट्ट्या आहेत. आपण दिसतो. पण आपल्यापुढचा दिसेलच, याची खात्री नाही.

या वाटेवर चिकोडीच्या पुढे अंकली लागते. तिथे आम्ही दर वर्षी थोडा वेळ थांबतो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हा त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. आजही आषाढीला अंकलीहून घोडे चालत आळंदीला जातात, आणि मुक्कामाला माऊलींच्या पादुका शितोळे सरकारांच्या तंबूत असतात. लाखो लोकांचा तो सोहळा, आणि त्याचा तंबू आपल्या बेळगाव जिल्ह्यातला. हैबतबाबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण तो तंबू दर मुक्कामी कुणी उभारला, कुणी वाळवला, कुणी घडी घालून गाडीवर चढवला, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. अंकलीत थांबलं की आम्हाला ती माणसं आठवतात. सामान समिती फार जुनी आहे, एवढंच म्हणायचं आहे.

शेवटी साठवणीचं. वारी दहा दिवसांची असते, सामान खोलीत पडून राहतं ते उरलेलं वर्षभर. खरी नासाडी रस्त्यात होत नाही, आपल्या मंडळाच्या खोलीत होते. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना घाम असतो. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला राहुट्या काढल्या तर दोन राहुट्यांवर काळी बुरशी, आणि शिवणीत कापड हाताने फाटत होतं. कारण पंढरपूरहून आलो ते दमलेलो होतो, "उद्या वाळवू" म्हणून ठेवल्या, आणि तो उद्या दसऱ्याला उजाडला. आता नियम असा, की परतल्यावर दोन दिवस कडक उन्हात, माती ब्रशने झाडून, शिवणी पूर्ण सुकल्यावरच घडी. घडी दर वर्षी वेगळ्या ठिकाणी घालायची, म्हणजे कापड एकाच रेषेत कमजोर होत नाही. जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर. शिध्याची रिकामी पोती त्याच खोलीत ठेवायची नाहीत, धान्याच्या वासाने उंदीर येतात आणि आधी दोर खातात.

ट्रॉलीही ठेवायची एक पद्धत आहे. चाकांवरचा भार काढून विटांवर ठेवायची, नाहीतर टायर एकाच जागी बसून चपटे होतात. दांडी थोडी उंच, म्हणजे तळात पाणी साचत नाही. तळाला भोकं ठेवली आहेत, ती पालापाचोळ्याने बुजत नाहीत ना, हे पावसाळ्यात दोनदा बघायचं. बेअरिंगला वर्षाला एकदा नवं ग्रीस.

आणि एक विनंती उत्सव समितीला. खोली दोघांची आहे, हे मान्य. गणपतीचं मखर, कमानी, सतरंज्या, ध्वनिक्षेपक यांना जागा हवीच. पण विसर्जनाच्या रात्री सगळे दमलेले असतात, तेव्हा ओल्या सतरंज्या आमच्या राहुट्यांवर टाकू नका. आम्ही जी चूक केली तीच ही. दमलेला माणूस "उद्या बघू" म्हणतो.

आता कामाचं. आमच्या चौघांपैकी एकाचे गुडघे आता जीपमध्येही दुखतात. एकाची बदली होते आहे. यंदा आम्हाला चार नवी माणसं हवीत, शक्यतो तिशीच्या आतली. पाठ केलेले अभंग नकोत, लवकर उठण्याची तयारी हवी. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला मंडळाच्या अंगणात आम्ही रिकामी ट्रॉली भरून दाखवू, मग तुम्ही भरा, मग काट्यावर घालू. पितृपंधरवडा असेल, पण हे काही शुभकार्य नाही, चालतं. ते शेतकरी काकाही येणार आहेत. दांडी ते हाताने उचलून बघतील, आम्ही काट्यावर मोजू. आजवर दोन्हींचं उत्तर एकच आलं आहे.

आणि आमच्या काकू. मनगट जुळलं, पुढच्या वर्षापासून त्या पुन्हा येतात. रोज पहाटे दिंडी निघण्याआधी त्या ट्रॉलीच्या मागे जातात आणि फाळक्याची खीळ दोन्ही हातांनी ओढून बघतात. आम्ही आधीच तपासलेली असते. तरीही त्या ओढून बघतात, आणि आम्ही शेजारी उभे राहतो. यंदा त्यांच्या शेजारी आमच्याऐवजी तुमच्यापैकी कुणीतरी उभं असावं, एवढंच मागणं आहे.

राम कृष्ण हरी.